व्हिलादार

सिंगापुरातील मराठी समाजात दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास काही सद्गृहस्थ एका अधिकारपदावर आपली आपणच नेमणूक करून घेतात. या पदाला सनद नाही, वेतन नाही, निवृत्तीची वयोमर्यादाही नाही. उलट पहिल्या खर्चाची तसलमात अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरावयाची, असा शिरस्ता आहे. किल्ल्याला जसा किल्लेदार, तसा जूनच्या शालेय सुट्टीत युरोपातील एखाद्या उन्हाच्या, डोंगराळ मुलखात भाड्याने घ्यावयाच्या घराला एक व्हिलादार लागतो; आणि पुणे, दुबई, लंडन व सिंगापूर अशा चार ठिकाणी विखुरलेल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या त्या घराच्या एकाच छपराखाली सात रात्री निजविणे, हे त्याचे अवतारकार्य असते.

हा इसम ओळखण्यास कठीण नाही. वय पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान, नोकरी बँकेत अथवा संगणकाच्या कंपनीत, आणि मुद्रेवर सदैव कोणाच्या तरी उत्तराची प्रतीक्षा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरती चालू असताना डोळे मिटण्याऐवजी जो उपस्थितांची शिरगणती करून प्रसाद पुरेल की नाही याचा अदमास घेतो, तो हाच. कचेरीत त्याच्या हाताखाली दहा माणसे असतात आणि ती त्याचे ऐकतात. घरी हाताखाली कोणी नसते, आणि जे असतात ते ऐकत नाहीत. ही तूट भरून काढण्यासाठीच त्याने हे पद निर्माण केले असावे, असे त्याच्या पत्नीचे मत आहे, व ते ती त्याच्या समक्षच मांडते.

विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा-दीड अंशावर राहणाऱ्या, बारा महिने उन्हाने न्हाऊन निघणाऱ्या माणसाने ऊन शोधण्यासाठी तेरा-चौदा तास विमानात बसावे, याचे नवागतास आश्चर्य वाटेल. वर्षभर हाच गृहस्थ इमारतींना जोडणाऱ्या छपरांच्या आडोशाने रेल्वे स्थानक गाठतो, आणि छपरात हातभर खंड पडला तरी छत्री उघडतो. परंतु व्हिलाच्या जाहिरातीतील लख्ख उन्हाचे छायाचित्र दृष्टीस पडले की त्याचे अंतःकरण उचंबळून येते. "अप्पा, तिथलं ऊन कोरडं असतं, घाम येत नाही," असे तो पुण्यातील वडिलांना दूरध्वनीवर समजावून सांगतो. अप्पांची नोकरीची सारी वर्षे सोलापुरात गेलेली. ते शांतपणे विचारतात, "कोरडंच ऊन हवं होतं, तर सोलापूर काय वाईट होतं?" या प्रश्नाला व्हिलादाराकडे उत्तर नसते, म्हणून तो आईला फोन द्यायला सांगतो.

जवळपास असे काही मिळत नाही काय, ही शंका रास्त आहे, आणि तिचा निकाल त्याने केव्हाच लावलेला आहे. सिंगापुरातील सर्वांत उंच टेकडी बुकित तिमा ही १६४ मीटरांची. पुण्याची मंडईदेखील समुद्रसपाटीपासून तिच्या तिपटीहून उंच भरेल. घराविषयी कायदा असा की, खाजगी मालकीचे घर तीन महिन्यांहून आणि गृहनिर्माण मंडळाचे घर सहा महिन्यांहून कमी मुदतीने कोणास भाड्याने देता येत नाही. २०१८ साली हा नियम मोडणाऱ्या दोघांना न्यायालयाने प्रत्येकी ६०,००० डॉलर दंड ठोठावला. ते वाचल्यापासून व्हिलादार आलेल्या पाहुण्यांना भाजीचे पैसेसुद्धा देऊ देत नाही. चांगी आणि पासिर रिस येथे समुद्रकाठी 'शॅले' नावाची बिऱ्हाडे मिळत आलेली आहेत. परंतु तेथे लोक एक-दोन रात्री उतरतात, अंगणातील निखाऱ्यांवर कोंबडीचे पंख भाजतात, आणि कोणाचा तरी वाढदिवस साजरा करून परततात. मलेशियातील कॅमेरॉन हायलंड्सचाही प्रयोग होऊन चुकला आहे. तेथील गार हवा, वळणावळणाचा घाट आणि स्ट्रॉबेरीच्या बागा पाहून आई प्रसन्न मुद्रेने म्हणाली, "छान आहे हो. अगदी महाबळेश्वर!" या एका उद्गाराने मलेशियाचा समस्त पहाडी मुलूख विचारातून कायमचा खारीज झाला.

अखेरीस दृष्टी स्थिरावते ती दक्षिण स्पेनमध्ये, ग्रानादा शहर आणि भूमध्य समुद्र यांच्या दरम्यान पसरलेल्या आल्पुहार्रा या परगण्यावर. माथ्यावर सिएरा नेवाडा पर्वताचे ३,४७९ मीटर उंचीचे मुलासेन शिखर. पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही पांढरी गावे एकाच दरीच्या उतारावर एकाच्या वर एक वसलेली. घरांची धाबी सपाट, धुराडी गोल. आणि मूर लोकांच्या राजवटीत खोदलेल्या पाटांतून वितळल्या बर्फाचे पाणी अद्याप शेतांत खेळते आहे. १४९२ साली ग्रानादाचे तख्त गेल्यावर शेवटचा सुलतान बोआब्दिल यास याच डोंगरांत जहागीर तोडून दिली होती, हे वाचताच व्हिलादारास बिठूरला जाऊन राहिलेल्या दुसऱ्या बाजीरावाचे स्मरण होते, आणि तो मध्यरात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॅप समूहावर एक विस्तृत ऐतिहासिक टिपण धाडतो. सकाळपर्यंत तीन उत्तरे येतात: लंडनच्या बहिणीचे, "पोहायचा तलाव आहे ना?", दुबईच्या भावाचा, नुसता अंगठा, आणि आत्याचे, भलत्याच कोणास तरी वाढदिवसाचे अभीष्टचिंतन.

यानंतर घराच्या मालकिणीशी पत्रव्यवहार सुरू होतो. आईच्या गुडघ्यांची चिंता वाहणारा व्हिलादार विचारतो, "शयनगृहापासून स्नानगृहापर्यंत पायऱ्या किती, प्रत्येकीची उंची किती, व कठडा कोणत्या हातास आहे?" मालकीणबाई कळवितात की, गच्चीवरून सूर्यास्त फार सुंदर दिसतो. तो विचारतो, "शेगडी विजेची असल्यास तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर चालेल काय?" बाई लिहितात, गावात दोन उत्तम खानावळी आहेत. आपल्या आयुष्यात अनेक संगणकीय प्रणालींकडून सत्य वदवून घेतलेला हा पुरुष येथे हतबल होतो, आणि रात्री सारे घर निजल्यावर उपग्रहाने टिपलेल्या नकाशात त्या पायऱ्यांच्या सावल्या मोजीत बसतो.

परंतु त्याच्या कर्तृत्वाची खरी कसोटी व्हिसाच्या दफ्तरात लागते. पत्नी व कन्या यांनी सिंगापूरचे नागरिकत्व पत्करल्यामुळे त्यांना युरोपातील शेंगेन मुलखात १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसावाचून संचार करण्याची मुभा आहे. बहिणीचे पारपत्र ब्रिटनचे. आणि भावनेपोटी भारताचे पारपत्र उराशी धरून बसलेल्या स्वतः व्हिलादारास मात्र प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी नव्हे व पंधरा दिवसांहून उशिरा नव्हे, अशा बेताने अर्ज गुदरावा लागतो. सोबत किमान ३०,००० युरोंचा विमा, बँकेचे दाखले, आणि कोठे निजणार याचा लेखी पुरावा. अप्पांचा अर्ज पुण्याहून जावयाचा. प्रवासाचा हेतू काय, या रकान्यात त्यांनी स्वहस्ते 'नातवंडांची भेट' असे लिहिले. नातवंडे कोठे असतात, असे कारकुनाने विचारता त्यांनी सिंगापूर म्हणून सांगितले. "मग आपण स्पेनला का जाता?" असा पुढचा सवाल आला, तेव्हा अप्पा म्हणाले, "तेच मी मुलाला विचारतो आहे." इतक्या जबानीनंतरही व्हिसा मिळाला, याचे श्रेय व्हिलादार आपण जोडलेल्या सदतीस कागदांना देतो.

मालागाच्या विमानतळावर नऊ आसनांची गाडी उभी असते. सिंगापुरात मोटार बाळगण्याचा दहा वर्षांचा हक्क लिलावात घ्यावा लागतो, आणि तो मोटारीहूनही महाग पडण्याचा संभव असल्यामुळे व्हिलादाराजवळ परवाना असला तरी वाहन नाही. सबब वर्षभराचे सारे सारथ्य त्याला या एका सप्ताहात, उजव्या बाजूने, कड्याच्या कडेकडेने आणि आईवडिलांच्या देखत उरकावे लागते. वळणाची खूण द्यावयास जावे तो काचेवरचे पाणी पुसणारे दांडे निरभ्र आकाशाखाली नाचू लागतात. मागील आसनावरून आत्याची रामरक्षा ऐकू येते. प्रत्येक वळणावर तिचा स्वर चढतो, आणि समोरून बस आली की ती पुन्हा पहिल्या श्लोकापासून आरंभ करते.

घरी पोचताच खोल्यांची वाटणी होते. सिंगापूरच्या खाद्यकेंद्रात रिकाम्या मेजावर कागदी रुमालांची पुडी ठेवली की ते मेज राखीव झाले, असे सारे नगर मानते. त्या विश्वासाने कन्येने सर्वांत प्रशस्त खोलीतील पलंगावर पुडी ठेवली. तिच्या लंडनच्या आत्येला हा कायदा ठाऊक नसल्यामुळे तिने ती पुडी उचलून प्रवासाच्या पिशवीत टाकली आणि त्याच पलंगावर झोप काढली. यावर उद्भवलेल्या तंट्याचा निवाडा अप्पांपर्यंत गेला, सर्वांना खोल्या मिळाल्या, आणि ज्याने ते घर शोधून काढले त्याच्या वाट्यास दिवाणखान्यातील कोच आला. त्या कोचाशेजारी शीतकपाट असल्यामुळे रात्री तहान लागलेला प्रत्येक वंशज त्याच्या पायांवरून जातो.

स्वयंपाकघरात मद्याचे चषक चोवीस निघतात, पण तवा नाही आणि पोळपाटही नाही. तरी गृहिणी डगमगत नाहीत. स्पॅनिश भातासाठी टांगलेली हातभर रुंदीची उथळ परात उतरवून त्या तीत सय्यद अल्वी मार्गावरील मुस्तफाच्या दुकानातून आणलेले पोहे परततात, आणि एवढे मोकळे पोहे आपल्या जन्मात झाले नव्हते, अशी कबुली देतात. सिंगापूरच्या घरी जी परदेशी ताई भांडी घासते ती येथे नसल्याने व्हिलादार पाळ्यांचा तक्ता भिंतीवर डकवितो. तक्त्यात प्रत्येकाचे नाव असते, आणि मोरीवर नेहमी तोच असतो. यंदा प्राथमिक शाळेच्या अखेरच्या परीक्षेस बसणारी कन्या तलावाच्या काठी पाय पाण्यात सोडून अपूर्णांकांची उदाहरणे सोडवीत असते. तिला पोहण्याची परवानगी आहे, परंतु एक धडा संपल्यावर.

गावात दुपारी दोन ते पाच दुकाने बंद असतात. दुबई आणि लंडन यामुळे संतप्त होतात, पुण्याहून आलेले अप्पा मात्र बंद दारासमोर क्षणभर उभे राहून अत्यंत समाधानाने म्हणतात, "लोक सुसंस्कृत दिसतात." सुमारे १,५०० मीटर उंचीवरील त्रेवेलेझ हे गाव थंड, कोरड्या हवेत सुकविलेल्या डुकराच्या तंगड्यांसाठी विख्यात आहे, तेथील एका दुकानात आढ्यापासून ओळीने लटकणाऱ्या त्या वस्तू पाहून आत्या कौतुकाने विचारते, "इतके तंबोरे कोणाचे रे?" व्हिलादार तिला चटकन बाहेर काढतो, आणि गावात संगीताची परंपरा फार जुनी आहे, असे सांगून वेळ मारून नेतो. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावाचून आई कोणास पानावर बसू देत नाही. सिंगापुरात सूर्य बारा महिने सातच्या आगेमागे मावळतो, पण स्पेनमध्ये जूनात तो साडेनऊपर्यंत हलत नाही. त्यामुळे दिवा साडेनवाला आणि जेवण दहाला. अशा रीतीने केवळ स्वधर्माचरणाच्या बळावर हे कुटुंब दुसऱ्याच दिवशी अस्सल स्पॅनिश वेळेवर जेवू लागते.

घर सोडल्यावर हिशेबाचे पर्व सुरू होते. जमेस युरो, पौंड, दिरहम, रुपये व सिंगापूरचे डॉलर. खर्चास चौऱ्याऐंशी बाबी. भावाचे म्हणणे असे की, दुसऱ्या गाडीत आपण बसलोच नव्हतो. बहिणीचे असे की, मुले अर्धी धरावीत. आणि अप्पा रुपयांचे पाकीट पुढे करून सर्वांचाच खर्च आपण देणार, असा हट्ट धरतात. ओट्याच्या संगमरवरावर हळदीचा पिवळा डाग राहिल्याबद्दल मालकीणबाई अनामतीतून काही रक्कम वळती करतात, आणि तेवढ्या एका पत्रात सूर्यास्ताचा उल्लेख नसतो. हळद कोणी सांडली याचा तपास समूहावर काही काळ चालतो. मग दिवाळी येते, व प्रकरण दाखल-दफ्तर होते.

या माणसाला हसणे सोपे आहे, आणि त्याचे कुटुंबीय ते मनसोक्त हसतातही. परंतु सदाशिव पेठेतील, पुढे पाडल्या गेलेल्या वाड्यात जी आत्या, जे काका आणि जी चुलत भावंडे एका न्हाणीघरासाठी भांडत एकत्र वाढली, त्यांची मुले आता चार देशांत, चार घड्याळांवर राहतात, आणि त्यांपैकी कोणाच्याही सदनिकेत सर्वांची अंथरुणे मावत नाहीत. एकत्र कुटुंब ही संस्था कायमची बुडाली, असे विद्वान सांगतात, ते सर्वांशी खरे नाही. ती आता शनिवार ते शनिवार अशा भाडेपट्ट्याने मिळते, तिच्यासाठी अनामत भरावी लागते, आणि तिचा करारनामा मोडक्या स्पॅनिशमध्ये वाचून सही करण्यास एकच माणूस तयार होतो. पूर्वी घरातील कर्त्या पुरुषाला ताटाखाली पाट आणि पहिला मान असे; त्याच्या या वारसाच्या हाती फक्त किल्ली असते, आणि तीही परत करावयाची.

म्हणून वाचकहो, आपल्या कुटुंबात असा एखादा व्हिलादार असल्यास त्याच्या टिपणांना अंगठ्याहून थोडे दीर्घ उत्तर द्यावे, खोली प्रथम त्याला निवडू द्यावी, आपल्या वाट्याची भांडी आपण घासावीत, आणि मुख्य म्हणजे त्याची बाकी दिवाळीपूर्वी चुकती करावी. कारण फेब्रुवारीत त्याला पुन्हा तसलमात भरावयाची असते.