डोरेमॉनच्या तोंडावर सुरी

गोकर्णाची फुलं कोणी तोडली म्हणून परवा सकाळी गडग्याशी उभ्या राहून करवादत होतात ना वहिनी? गुरांनी नाही खाल्ली, नि देवालाही कोणी नेली नाहीत. तुमची फुलं केकापायी गेली. हळू बोला, दोन नंबरच्या पडवीत ऐकू जाईल! त्यांच्या सुनेनंच तोडली. पहाटे चहा गाळताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. तुमच्याकडे सांगायला येणारच होते, पण म्हटलं आधी पुढे काय होतंय ते बघूया.

त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता, बंड्याचा. बंड्याला डोरेमॉनचाच केक हवा. डोरेमॉन म्हणजे तो टीव्हीवरचा निळा बोका, आपल्या पोरांना हिंदी शिकवतो तो. बंड्या आजीशी भांडतो ते सुद्धा त्याच्याच हिंदीत. सूनबाई म्हणाली, केक घरीच करणार आणि विकतचा रंग घालणार नाही. मोबाइलवर बघितलंन की गोकर्णाचा काढा निळाभोर होतो. होतो, त्यात खोटं काही नाही. पण काढा म्हणजे शेवटी पाणीच. क्रीममध्ये चमचाभर घालावा तर जेमतेम आभाळी छटा येते, नि जास्त ओतावा तर क्रीम पातळ होऊन वाहायला लागतं. तेवढ्यात सासूबाईंनी अक्कल पाजळली, थोडं लिंबू पीळ गं, घट्ट होईल. पिळलंन तिनं. झालं! गोकर्णात आंबट पडलं की निळ्याचं जांभळं होतं, हे आपल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, लिटमस कागदासारखी वापरतात ती फुलं. वाडग्यात जांभळट-करडं काहीतरी झालं. बंड्या ओट्याशी येऊन बघून गेला आणि म्हणाला, आई, याला ताप आलाय का?

मग धावत बाजारात. जेल रंगाची चिमुकली बाटली आणली, ब्रिलियंट ब्लू लिहिलेली. खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आपल्याकडे मोजकेच आहेत, हा त्यांतला एक. तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण बेतानं घालायला हवा होता. जेल रंगाची खोड अशी की घातल्या घातल्या फिका वाटतो आणि दोन-तीन तासांनी आपसूक गडद होतो. संध्याकाळी पाहिजे तेवढा निळा घालतानाच दिसला की समजायचं, जास्त झाला. हिनं दिसेपर्यंत घातला. पार्टी झाल्यावर सगळ्या पोरांच्या जिभा, ओठ, शर्टांच्या कॉलरी निळ्या. ते सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आयांचे फोन आले, बाळाची शी हिरवी झालीय, डॉक्टरांकडे नेऊ का? अहो, निळा रंग भरपूर पोटात गेला की शी हिरवी होतेच, दिवसभरात जाते. पण सासूबाई तेवढं ऐकल्यावर देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या.

मात्र एक सांगते वहिनी, डोरेमॉन निवडला यात पोरीची हुशारी होती की नशीब, देव जाणे. घरच्या केकला त्याच्यासारखं कॅरेक्टर नाही. कारण काय, तर तो गोल आहे. कानच नाहीत त्याला! यंत्राच्या उंदरानं कुरतडले म्हणे, तेव्हापासून उंदराला भितो. आधी पिवळा होता, मग निळा झाला. बंड्या हे सगळं घडाघडा सांगतो. जपानच्या फुजिको फुजिओंनी १९६९च्या डिसेंबरात त्याची गोष्ट काढायला सुरुवात केली, आणि गोष्टीत त्याचा जन्म ३ सप्टेंबर २११२चा. म्हणजे बोका अजून जन्मायचाय नि आम्ही इकडे त्याच्या तोंडावर सुरी घेऊन उभे! तर सांगायचं हे की गोल डब्यात केक भाजलात की डोरेमॉनचं डोकं तयार. तासायचं नाही, जोडायचं नाही. गेल्या वर्षी आठवतंय ना? छोटा भीम हवा होता, आख्खा, उभा, हातात लाडू घेतलेला. विकतचा आणला होता, फाँडंटचा. हजाराच्या वर मोजले. फाँडंट म्हणजे काय, तर मळून लाटलेली साखर. आणि महिना आपला श्रावणाचा, रत्नागिरीचा. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर दमट हवेत भीमाला घाम फुटला. दहा मिनिटांत गाल चिकचिकले, मग मान एका अंगाला कलली. औक्षण होईतो लाडू ताटात आला होता. आणि एवढं करून ते फाँडंट खातं कोण? पोरं सोलून बशीच्या कडेला ठेवतात नि आतला केक तेवढा खातात. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात कोकणात फाँडंटच्या वाटेला जाऊच नये.

यंदाचा केक मात्र झक्क झाला होता, तेवढं सूनबाईचं कौतुक करायला हवं. श्रावण म्हणून अंड्याचा नाही. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, वाटीभर ताजं दही, अर्धी वाटी बिनवासाचं तेल, व्हॅनिला. आधी दही नि साखर घोटून घेतलंन, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं तसंच ठेवलंन. बुडबुडे येऊन दही फुगलं, मग तेल आणि वरून चाळलेला मैदा. मैदा पडल्यावर फार ढवळायचं नाही, नाहीतर केक चिवट होतो. ओव्हन आधी तापवून १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. सासूबाईंचा तो गोल, झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा ओव्हन अजून माळ्यावर आहे म्हणे, त्यात त्या रव्याचा केक करायच्या. त्यांनी तो काढायचा घाट घातला होता, पण वायरीतच उंदीर लागलेला. बघा, इथेही उंदीर!

आदल्या रात्री भाजून, गार करून, डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवलान. ही एक गोष्ट मी तिला सांगितली होती, हो, मीच. ताज्या केकवर क्रीम लावायला गेलं की चुरा सुटतो आणि क्रीमभर खरखर होते. थंड केक आवळून येतो. तरी सुद्धा आधी क्रीमचा एक पातळ हात फिरवायचा, उगाच भिंतीला चुना मारल्यासारखा, नि अर्धा तास परत फ्रीजमध्ये. चुरा त्या थरात अडकतो. मग वरचा खरा थर गुळगुळीत बसतो. हिला घाई. पण तेवढ्यात लाइट गेली, आणि अर्धा तास आपोआपच झाला.

चेहरा काढायला मला बोलावलंन. मी म्हटलं, हातानं काढू नकोस, बटर पेपर घे. बंड्याच्या दप्तरावरचा डोरेमॉन पेपर ठेवून गिरवला, कापला, केकवर ठेवला, टूथपिकनं कडा टोचून खूण केली. मधला भाग पांढरा, भोवती निळा. पांढरा आधी भरायचा, मग निळा, म्हणजे निळ्याचे डाग पांढऱ्यावर पडत नाहीत. डोळे दोन, उभट, एकमेकांना चिकटलेले, कपाळापर्यंत चढलेले. सगळी मेख इथे आहे. डोळ्यांमध्ये बोटभर जागा सुटली की डोरेमॉन जाऊन कोणीतरी भलताच समोर येतो. सूनबाईनं पहिल्यांदा जरा लांब काढले होते, तर तिच्या सासऱ्यांनी चष्मा लावून बघितलं नि म्हणाले, अरे, हे आपले मागच्या वेळचे सरपंच! सुरीच्या टोकानं काढून परत भरले. बुबुळं आतल्या बाजूला, नाकाकडे बघणारी. नाक म्हणजे लाल जेम्सची गोळी, नाकाखाली सरळ रेघ, तिच्या खाली कानापासून कानापर्यंत, म्हणजे कान असते तर, हसू. मिशा दोन्हीकडे तीन-तीन. काळ्या रेघांना तिनं रंग वापरला नाही हे शहाणपण केलंन. डार्क चॉकलेट वाफेवर पातळ करून कागदाच्या कोनात भरलंन आणि बारीक टोकानं ओढल्या. काळा रंग क्रीममध्ये घालायला गेलं तर इतका लागतो की क्रीम कडूजहर होतं. गळ्यात लाल पट्टा, नि घंटेला पिवळी जेम्स. घंटा लावल्याबरोबर बंड्या ओरडला, आला आला! तोवर तो मला अंड्यासारखा वाटत होता.

मेलबर्नला सासूबाईंच्या जावेची लेक असते ना, ती फोनवर सगळं बघत होती. ती म्हणाली, तिकडे १९८०मध्ये निघालेलं लहान मुलांच्या केकांचं एक पुस्तक घरोघर आहे, विमेन्स वीकली मासिकवाल्यांचं. आई-बाप त्यातली चित्रं पोरांपुढे धरतात नि पोरं बोट ठेवतात, हा हवा. मुखपृष्ठावर आगगाडी. एका बदकाला चोच बटाट्याच्या वेफर्सची नि डोक्यावर पॉपकॉर्न! पोहण्याच्या तलावाचा केक आहे, त्यात पाणी म्हणून जेली. त्या ब्लूई नावाच्या कुत्रीच्या कार्टूनमध्येसुद्धा बाप हाच बदकाचा केक करायला बसतो नि मेटाकुटीला येतो. मला हे फार पटलं वहिनी. किराणाच्या दुकानात मिळेल त्यातून आकार उठवायचा, त्यात मजा आहे. आगगाडीला चाकं मारी बिस्किटांची लावा ना! साखरेची बाहुली हजार रुपयांना आणून कशाला टेकवायची?

आता खरी गंमत ऐका. संध्याकाळी सगळी जमली. आजीनं आधी औक्षण केलं, मेणबत्त्या विझवायच्या नाहीत असा त्यांचा दंडक, त्यामुळे केकवर एकही मेणबत्ती नव्हती, आणि त्यामुळे डोरेमॉनच्या तोंडावर मेण गळलं नाही, हा फायदा. मग बंड्याच्या हातात सुरी दिली. त्यानं सुरी डोरेमॉनच्या डोळ्यावर धरली, केककडे बघितलं आणि भोकाड पसरलंन. मी याला नाही कापणार! सगळे समजावतायत, अरे केक आहे, खायचा असतो. आजोबा म्हणाले, त्याला दुखत नाही रे. झालं, आणखी मोठ्यानं रडायला लागला, म्हणजे बाकी कोणाला दुखतं! शेजारच्या चार पोरांनी मूकपणे बशा पुढे धरलेल्या. शेवटी त्याच्या आईनंच तोडगा काढलान. खालचा लाल पट्टा आधी कापला, घंटेसकट. पट्टा म्हणजे काही तोंड नव्हे. तो सगळ्यांना वाटला. मग पोरं खिडकीशी पावसाच्या सरी बघायला गेल्यावर मागच्या बाजूनं, निळ्या कडेकडून, तुकडे काढले. चेहरा रात्री फ्रीजमध्ये तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्यानं स्वतः चमच्यानं नाक खाल्लंन. पोरांचं काय सांगावं.

तुमच्या नातीचा वाढदिवस गणपतीनंतर आहे ना? तिला सांगा, हॅलो किटी घे. पांढरी असते, क्रीमला रंगच नको. आणि तिला तोंडच नाही, त्यामुळे हसू वाकडं यायचं भय नाही. गोल केकची वरची-खालची कड जराशी तासा म्हणजे चेहरा आडवा होतो, तासलेल्या तुकड्यांतून दोन कान कापा नि क्रीमनं चिकटवा. डोळे नि मिशा चॉकलेटच्या, नाक पिवळ्या गोळीचं, एका कानावर लाल बो. मला आदल्या रात्री हाक मारा, बटर पेपर मी आणते. क्रीमचं पाकीट तेवढं त्या रात्रीच फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा. थोडे बर्फाचे कण राहिलेलं क्रीमच नीट फेटलं जातं, कोमट झालेलं कितीही फेटलंत तरी उभं राहत नाही.