वादळी गिऱ्हाईकास अनावृत पत्र

प्रति,
मा. चेअरमनसाहेब,
(सोसायटीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. जळगावच्या महाबळपासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत ज्यांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्यांनी ते खुशाल ठेवून घ्यावं.)

विषय : कार्तिक ते माघ या काळात एकदाही फोन न केल्याबद्दल आभार.
संदर्भ : आपला गेल्या जूनमधला मध्यरात्रीचा फोन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवतो की, आपल्या कृपेने माझा हिवाळा अत्यंत निवांत चालला आहे. शिडी भिंतीला टेकून उभी आहे. दोर उन्हात घालून, हातभर-हातभर तपासून, पुन्हा गुंडाळून झाले. चेनसॉच्या साखळीला कानस इतक्या वेळा फिरवली की आता कापायला फांदी कमी आणि धार जास्त अशी परिस्थिती आहे. झाडांची निगा हा धंदा वर्षभर चालतो अशी माझी समजूत होती. आपण ती दूर केलीत.

संदर्भातला फोन आठवत असेल. वादळ झालं होतं, निंबाची फांदी तारांवर आली होती, लाइट गेली होती आणि फांदीखाली एका सभासदाची गाडी होती. आपण म्हणालात, "ताबडतोब या, पैशाचं बघू नका." चेअरमनसाहेब, हे वाक्य मला भारी आवडतं. जूनमध्ये ते चार-पाच ठिकाणी तरी ऐकू येतं; डिसेंबरात मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. त्या जूनच्या आधीच्या डिसेंबरात मीच आपल्या दारी आलो होतो. त्याच फांदीच्या बगलेत भेग होती, ती बोटाने दाखवली होती. आपण वर पाहिलंत, शालीत हात घेतलेत आणि म्हणालात, "झाड तर ठणठणीत दिसतंय." आपलं बरोबरच होतं. हिवाळ्यात वारा नसतो, त्यामुळे भेग पडलेली फांदीसुद्धा ठणठणीतच दिसते.

आता माझं अज्ञान ऐका. मी समजत होतो, निंब-शिरीषासारख्या झाडांची छाटणी हिवाळ्यातच करावी. हवा कोरडी असते, जखम लवकर सुकते, पावसाळ्यासारखी बुरशी शिरत नाही. फाल्गुन-चैत्रात नवी पालवी येते आणि पंचेचाळीसच्या पुढे पारा जाण्याआधी झाड आपलं अंग झाकून घेतं. मे महिन्यात फांद्या उतरवल्या की सावलीत वाढलेली साल एकदम उघड्यावर येते आणि भाजते. पण आपल्याकडची पद्धत पक्की आहे: माणसाने मे महिन्यात उन्हात जाऊ नये, झाडाला मात्र त्याच महिन्यात उघडं करावं.

खोटं कशाला बोलू, हिवाळ्यात आपला एक निरोप येतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी छापून आली की दोन दिवसांत येतो. गच्चीवर बसणाऱ्या ज्येष्ठांना ऊन मिळत नाही, सबब निंब "बुडापासून घ्या." घेतो की! फक्त १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आडवा येतो. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं पाडणं नव्हे. जाळणं, इजा करणं हेही त्यातच धरलंय. २०२१ च्या दुरुस्तीने तर पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि परवानगीने झाड तोडलंच तर त्याचं जितकं वय तितकी रोपं लावून सात वर्षं सांभाळायची. आपल्या आवारातला निंब सोसायटीच्या आधीचा आहे. हिशेब मी सांगितला तेव्हा आपण चहा मागवला आणि विषय बदलला. तेच ज्येष्ठ एप्रिलपासून त्याच निंबाखाली खुर्च्या टाकतात. तेव्हा ऊन हवं असल्याचा अर्ज मागे घेतल्याचं मला कुणी कळवत नाही.

आपण नाही तर दुसरी झाडं आहेत, असं आपण म्हणाल. ती बघून झाली. आंब्याला या दिवसांत मोहोर धरायचा असतो, त्याला हात लावणाऱ्याचा हात मालक धरतो. जळगावच्या मेहरूणची बोरं याच दिवसांत बाजारात येतात, पण बोरीची छाटणी फळं संपल्यावर, उन्हाळ्यात. म्हणजे जळगावचं नाव लावणारं झाडसुद्धा मला एप्रिलनंतर या म्हणतं. वाळलेली लाकडं विकावीत, तर थंडीत खान्देशातला सगळ्यात मोठा जाळ भरताच्या वांग्यांखाली असतो आणि त्याला कपाशीच्या पऱ्हाट्याच लागतात. निंबाचं लाकूड घेऊन गेलो तर लोक मला वाढतात, लाकूड परत देतात.

केळीवाल्यांकडेही गेलो होतो. गारठ्याने केळीची वाढ थांबते, म्हणून रावेर-यावलकडे भल्या पहाटे बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवून धूर करतात. मला वाटलं, माझ्याकडे पाला आहे, त्यांना धूर हवा आहे, जमलं! त्यांनी प्रेमाने सांगितलं, आणून टाका, पैसे काही मागणार नाही. गाडीचं डिझेल धरून हिशेब केला आणि तो धूर मी स्वतःच्याच डोळ्यांत घातला.

खरा आधार मोसंबीचा. जामनेर, पाचोरा, भडगावकडे आंबे बहारासाठी बागा पाणी तोडून ताणावर ठेवलेल्या असतात, तेव्हा सल काढायचं काम निघतं. सल म्हणजे वाळलेल्या काड्या-फांद्या. हिरव्या भागापर्यंत येऊन कापायच्या आणि कापावर बोर्डो पेस्ट लावायची: मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. लोखंडी चालत नाही. तयार झाल्यावर त्यात लोखंडी खिळा बुडवून बघायचा, तांबूस झाला तर चुना अजून हवा. तिथला शेतकरी सल का काढायची हे मला विचारत नाही. उशीर का केला ते विचारतो. अशी दोन गिऱ्हाइकं शहरात असती तरी हे पत्र लिहिलं नसतं. हीच पेस्ट एकदा आपल्याकडे गुलमोहराच्या कापांवर लावली, तर एका सभासदाने निळा रंग कुठल्या ग्रहासाठी, असं विचारलं होतं. मी शनी सांगितलं. त्या महिन्याचं बिल वेळेवर मिळालं.

मधल्या काळात किरकोळ कामं असतात. तुळशीचं लग्न लागलं की मांडववाले बोलावतात, कारण नवरदेवाच्या कमानीपेक्षा फांदी खाली आलेली असते. संक्रांतीनंतर पोरं बोलावतात. झाडात अडकलेला पतंग, आणि कधी त्या मांज्यात अडकलेली घार. नायलॉन मांज्यावर बंदी आहे, तरी तो झाडावर मला रोज भेटतो. या कामाचे पैसे घेत नाही. कोण देतो म्हणा.

माझी खरी अडचण झाडावर चढणाऱ्या माणसांची आहे. दिवाळी झाली की कपाशी येते, जिनिंगला हात हवे असतात. कुणी टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. माझा चढणारा गडी "काम शे का भाऊ?" एवढंच विचारतो आणि मी "आहे, आहे" म्हणत त्याला उचल देतो. ती उचल म्हणजे आपण न केलेल्या फोनचं बिल आहे. तो गेला, तर जूनमध्ये मध्यरात्री ओल्या निंबावर दोर टाकायला कुणी राहणार नाही. चांगला चढणारा वादळाच्या दिवशी भाड्याने मिळत नाही, तो हिवाळाभर पोसावा लागतो.

धंदा चालवायची सोपी वाट मला माहीत नाही असं समजू नका. आमच्यात एक हुशार माणूस आहे, तो झाडाचं सरळ मुंडण करतो. अर्ध्या दिवसात काम, झाड खांबासारखं उभं, ऊन मोकळं, सभासद खूश. त्या खांबातून मग झुडपासारखे धुमारे फुटतात, वरवर चिकटलेले. ते जाड झाले की एखाद्या पावसाळ्यात निखळतात, आणि आपण त्यालाच पुन्हा बोलावता. मी मात्र वजनदार फांदी तीन कापांत उतरवतो. आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. शेवटी उरलेला खुंट बुडाच्या फुगीर वळीला धक्का न लावता. ती वळी शाबूत राहिली की झाड जखम आपली आपण बुजवतं, आणि तिथे मला परत बोलवायची वेळ येत नाही. आता सांगा, दोघांत धंदा कुणाला कळतो?

तरी साहेबांनी कृपया पुढील बैठकीत विषयपत्रिकेवर, रंगकाम आणि पार्किंग यांच्या खाली का होईना, निंबाचा विषय घ्यावा. जानेवारीतला दर जूनच्या निम्म्याहून कमी आहे. दिवसाउजेडी येतो, तारा बंद कराव्या लागल्या तर आधी कळवून करता येतात, गाड्या हलवायला वेळ मिळतो. आपल्याला वादळातच बोलवायचं असेल, तर तेही चालेल. फक्त तेव्हा "पैशाचं बघू नका" हे लेखी द्यावं.

कळावे,
आपला नम्र,
एक झाडकटिंगवाला

ता. क. : गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलाय. अजून चार पानांचा आहे. त्याला माझी गरज नाही, वॉचमनला सांगून आजच मुळासकट काढून घ्या. अजून दोन वर्षांनी विचाराल तर भिंतीचा खर्च वेगळा लागेल आणि तो गवंड्याला द्यावा लागेल, मला नाही.