ऐवजी वाचावे

फोन उचलतो, 'मराठीसाठी १ दाबा' म्हणतो आणि मग माणसाला संगीत ऐकवत ताटकळत ठेवतो, तो टेलिफोनीचा मीडिया सर्व्हर. आमच्या कार्यालयात त्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्यासाठी मला दोन पुस्तकं मिळाली होती, एक प्रशासनाचं आणि दुसरं बिघाड शोधण्याचं. गेल्या महिन्यात तिसरं आलं, पहिल्या दोनांतल्या चुकांचं. तेच सगळ्यांत जाड आहे.

मूळ पुस्तकं मात्र जशीच्या तशी. चूक खोडायची नाही, तिला वेगळा कागद जोडायचा, ही रीत मला मंत्रालयाचीच वाटायची. शासन निर्णयाला शुद्धिपत्रक आणि शुद्धिपत्रकाला सुधारित शुद्धिपत्रक. पण इंटरनेटचे नियम सांगणारे 'आरएफसी' नावाचे दस्तऐवजही तसेच चालतात. कॉल जोडणाऱ्या 'सिप' या नियमावलीचा आरएफसी ३२६१ हा २००२ सालचा, २६९ पानांचा. एकदा प्रसिद्ध झाला की त्यातला स्वल्पविरामही हलत नाही, चुकांची यादी वेगळी राहते. बटण दाबल्याची खबर कशी पोहोचवायची ते सांगणारा आरएफसी २८३३ तर २००६ मध्येच निवृत्त झाला, जागेवर ४७३३ आला. आमच्या सेटिंगच्या पडद्यावर अजून २८३३च आहे. बदली झालेल्या साहेबांची पाटी दारावरून निघत नाही, तसं.

तिसऱ्या पुस्तकाचा थाट बघा. 'पान ४७ : "सेवा न थांबवता ही आज्ञा देऊ नये" ऐवजी "सेवा थांबवून ही आज्ञा देऊ नये" असे वाचावे.' 'पान ८३ : "गंभीर बिघाड" ऐवजी "माहितीस्तव" असे वाचावे.' (या ८३ व्या पानापायी मी दोन रविवार घालवले आहेत.) 'पान ११२ : वाचू नये.'

निदानाचं प्रकरण याहून रसाळ. सविस्तर लॉग बिघाड होण्यापूर्वी चालू करावेत, असं एका ओळीत. सविस्तर लॉग कायम चालू ठेवू नयेत, डिस्क भरते, असं पुढच्या ओळीत. म्हणजे पापणी लवली की लॉग चालू करायचे.

परवा पापणी लवली नाही आणि बिघाड झाला. कॉल लागत होते, घंटी वाजत होती, कारण जुळणीचे निरोप ५०६० या पोर्टवरून सुखरूप येत होते. आवाजाची वाट निराळी असते. तो आरटीपीच्या पाकिटांतून, दुसऱ्याच पोर्टांवरून येतो. ती पोर्टं मी मूळ पुस्तकात पाहून उघडली होती, दुरुस्त आकडे तिसऱ्यात होते. परिणामी आमचं बोलणं ग्राहकाला ऐकू जात होतं, ग्राहकाचं आम्हाला नाही. एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे माणसाच्या संतापाचे सेकंदाला ५० तुकडे फायरवॉलच्या उंबऱ्यावर येऊन पडत होते. आत आमच्या मुली गोड आवाजात विचारत होत्या, "आपली काही तक्रार आहे का?" उत्तर नाही म्हटल्यावर 'तक्रार नाही' अशी नोंद करून कॉल बंद करत होत्या.

संध्याकाळी साहेबांनी अहवाल पाहिला. दिवसभरात तक्रारी शून्य. मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, "हे सेटिंग कुठल्या पानावर आहे हो? आपल्या बाकीच्या शाखांनाही कळवू."

मी मूळ पुस्तकातलं पान सांगितलं.