पडद्यावरची ओपीडी

आजकाल स्वतंत्र सिनेमाचं पत्रक हाती आलं की दिग्दर्शक आधी आयटीत होता, लेखिका बँकेत होती, असं कौतुकानं छापलेलं असतं. नोकरी सोडली हीच जणू पहिली कलाकृती. आमचा ‘सामना’ आठवा. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत उतरलेला. निर्माते रामदास फुटाणे चित्रकला शिक्षक. शिक्षकाचा पगार आणि सिनेमाची निर्मिती ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात आणायला कवीच लागतो, आणि तेही ते होतेच. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. नटांना सांभाळण्यासाठी याहून योग्य पदवी विद्यापीठानं अजून काढलेली नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. एवढ्या डॉक्टरांनी मिळून गावाचं दुखणं तपासलं, निदान अचूक केलं. औषध मात्र सहकार खात्यानं घेतलं नाही. आणि ज्याच्यावर हे सगळे उपचार चालले होते तो साखरसम्राट, म्हणजे निळू फुले? ते तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. म्हणजे वैद्यकीय पार्श्वभूमी तशी त्यांचीही होतीच, फक्त खिडकीबाहेरची. संवाद मात्र विजय तेंडुलकरांचे, पत्रकाराचे. पटकथा लिहायला कुणी शल्यविशारद का मिळाला नाही, हे कळत नाही. अक्षर लागलं नसतं म्हणून असेल.