वाटंवरच हाय की!

सहलीचं नियोजन दाजींच्या हाती द्यायचं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी ते त्यांच्याकडंच जातं. कारण वही त्यांच्याकडं असते. दोनशे पानी, खाकी कव्हराची, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली लाल शाईत ‘कोकण दर्शन’. तुमच्याकडं त्यांना काका म्हणत असतील, नाहीतर मामा. वही तीच.

आमचे दाजी लातूरचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. मी नांदेडात. ठरलं होतं ते एवढंच: दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस, भाड्याची क्रूझर, आणि गणपतीपुळे, पावस, मालवण, वेंगुर्ला. लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी असा रस्ता आयता पडलेला आहे. डायव्हरनं नाकासमोर गाडी हाणली तर दुसऱ्या दिवशी पाय खाऱ्या पाण्यात. पण नाकासमोर जाणं हा दाजींना भूगोलाचा अपमान वाटतो.

शाळेतून बाद झालेला कापडी नकाशा त्यांनी फरशीवर अंथरला. (त्यावर धाराशिव अजून उस्मानाबादच आहे.) वाकळेचा दोरा घेतला, एक टोक लातूरवर दाबलं, दुसरं मालवणवर, आणि ताण दिला. दोरा सरळ झाला. तुळजापूर आलं, आई रस्त्यातच आहे, तिला कोण नाही म्हणणार? मग सोलापूर. “आता सोलापूरपस्तोर गेलाव तर अक्कलकोट वाटंवरच हाय की!”

अक्कलकोट सोलापूरहून 40 किलोमीटरच्या आसपास, तेही कोकणाकडं पाठ करून. दोऱ्याला पोट सुटलं. स्वामींचं दर्शन झालं म्हणजे गाणगापूरचे दत्त महाराज वाटंवरच. गाणगापूर कर्नाटकात आहे.

“दाजी, आपण समुद्राकडं चाललोय.”

“पाव्हणं, समुद्र कुठं पळून चाललाय?”

पुढं पंढरपूर, ते टाळलं तर गळ्यातली माळ काढून ठेवावी लागली असती. मंगळवेढ्याला चोखोबा आणि दामाजीपंत. सांगोल्यात भाच्यासाठी एक स्थळ: मुलगी बी.फार्म, घर वाटंवरच. नरसोबाची वाडी, जोतिबा, अंबाबाई. एवढं होईतो दोरा मालवणला पुरेना. दाजींनी दोरा वाढवला नाही. त्यांनी शांतपणे गणपतीपुळे खोडलं. “गणपती काय, घरीबी हाय.” पावस आणि वेंगुर्ला त्याच रेघेत गेले. कोकण दर्शनात कोकण उरलं ते मालवण, तेवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी दाजी ताईला घेऊन लातूरहून उलटे नांदेडला आले. सचखंड गुरुद्वाऱ्याला माथा टेकून निघायचं होतं. वाटंवरच की! दुसऱ्या दिवशी तीच क्रूझर त्यांच्या लातुरातल्या दारावरून गेली तेव्हा त्यांनी ती थांबवली. चष्मा घरी राहिला होता. घरसुद्धा वाटंवरच निघालं, हा दाजींना नियोजनाचा विजय वाटला. ताईनं मांडीवरचा धपाट्यांचा डबा उघडून एक धपाटं शेंगदाण्याच्या चटणीसकट माझ्या हातावर ठेवलं. लग्नापासून तिचा युक्तिवाद हाच.

गाडीत मागं बसून मी मनातल्या मनात दाजींना बरंच काही म्हणून घेतलं. ते इथं छापता येणार नाही.

मिरजेत वहीत कुठलाच देव नव्हता. मी हुश्श केलं. तेवढ्यात दाजींनी डायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. “ठेसनाकडं घ्या.”

स्टेशनबाहेर उतरून ते रुळांकडं बघत उभे राहिले. “हितनं आलतं,” म्हणाले.

2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी, आणि एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात दाजींनी आणखी एक वही घातली होती. गल्लीत टँकर कधी आला, कुणाच्या घरी किती घागरी गेल्या, कुणाची म्हातारी आजारी म्हणून तिला दोन जास्त. त्या वहीतही लाल शाईच होती, पण एकही नाव खोडलेलं नव्हतं. आणि ते टँकरचं पाणी घरोघर पोचवायला दाजी स्वतः बादल्या घेऊन हिंडायचे, हे मला ताईकडून कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान अक्कलकोटला मी तोंड वाकडं केलं नसतं.

आमच्या भागात माणूस गावाबाहेर पडायचा तो देवासाठी, लग्नासाठी नाहीतर मयतीला. गाडी रोज भाड्यानं होत नाही. जे सुटलं ते सुटलंच, हा हिशेब त्या दोऱ्यात होता. तरी गाणगापूर जास्तच झालं, हे माझं मत कायम आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी, फोंडा घाट उतरून, एकदाचं मालवण आलं. होडीनं सिंधुदुर्गावर गेलो. होडीवाल्यानं तासाभराची मुदत दिली. 1664 साली शिवरायांनी भर समुद्रात बांधायला घेतलेला किल्ला. चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांना दाजींनी हात जोडले. मग गाइडनं दूधबाव, दहीबाव, साखरबाव दाखवल्या. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधल्या तिन्ही विहिरी गोड्या.

दाजी काठावर बसले. वही उघडली. ताई केव्हाच तटावर चढून समुद्र बघत होती. यांनी त्याच्याकडं पाठ केली.

“खोली किती फूट?”

गाइडनं काहीतरी आकडा सांगितला.

“मे महिन्यात कुठवर जातं?”

“आटत नाही, काका.”

दाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. लातूरच्या माणसाला असं सांगून कुणी सहज सुटत नाही. “उपसा किती?”

गाइड घड्याळ बघू लागला. धक्क्यावरून होडीवाला हाका मारत होता.

“बरं, जवळपास कुणी बोअर घेतलाय?”

“बोअर? समुद्रात?”

“घेऊ देऊ नका,” दाजी म्हणाले, आणि ते वाक्य लाल शाईनं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.