स्थळ : नागपूर

बायोडेटा पैसे देऊन लिहून घ्यावा की स्वतः लिहावा, असा पेच ज्यांना पडलाय त्यांनी आधी आपल्या लग्नाच्या वेळचा बायोडेटा कपाटातून काढून वाचावा. वर गणपती, खाली उंची, वर्ण, रास, नाडी, मामांचं कूळ आणि ‘शेती : ओलिताची’. तो काय तुम्ही लिहिला होता? आत्याने सांगितला, काकांनी फुगवला, झेरॉक्सवाल्याने टाइप केला. त्यातला ‘मनमिळाऊ, निर्व्यसनी’ मुलगा घरात कुणीच कधी पाहिला नव्हता. तरी लग्नं झाली आणि टिकलीसुद्धा.

नोकरीच्या बायोडेट्याला मात्र आता काका पुरत नाहीत. आमच्या प्रताप नगरातून आयटी पार्क जवळ आहे. निदान तिथले तर्री पोहे तरी जवळ आहेत. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल येऊन बसल्या, पण पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सची गर्दी काही हटली नाही. पोरगं इथं राहो की हिंजवडीला जावो, मधल्या मध्ये एका माणसाचं भलं झालं: रेझ्युमे लिहून देणाऱ्याचं. कालपर्यंत जिथं स्कॉलरशिपचे फॉर्म भरून मिळायचे आणि प्रोजेक्टला स्पायरल लागायचं, तिथं आता फिरती खुर्ची आली आहे. फ्रेशरचा भाव वेगळा, अनुभवीचा वेगळा, आणि उद्याच पाहिजे असेल तर त्याहून वेगळा.

या खुर्चीसमोर बीकॉम झालेला पोरगा बसतो. आमच्याच गल्लीतला म्हणा.

“काय करतोस?”

“काही नाही सर. बाबाच्या किराण्यात बसतो.”

पोरगा यानंतर खरं काही बोलला नाही. त्याला गरजच पडली नाही. किराण्यात बसणं म्हणजे ‘रिटेल ऑपरेशन्स’. उधारीची वही घेऊन दारोदार फिरणं म्हणजे ‘क्रेडिट रिकव्हरी’. गणपतीची वर्गणी गोळा केली, ते ‘फंड रेझिंग’. शेजारच्या मंडळाशी भांडण झालं, ते ‘कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट’. मधली दोन वर्षं अभ्यासिकेत एमपीएससी करण्यात गेली होती, ती घडी घालून ‘पब्लिक पॉलिसीचा स्वयंप्रेरित अभ्यास’ अशी ठेवली गेली. शेवटी छंद. ‘वाचन, संगीत, प्रवास’ हे छंद आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइलमधून तसेच आले, त्याच्या ई-मेल आयडीसकट.

आणि तळाला ते अजरामर वचन: वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. स्थळ नागपूर, दिनांक कोरा. पोराने सही ठोकली. त्याच्या माहितीप्रमाणे म्हणाल तर, ती माहिती त्याला तेव्हाच झाली होती.

यात पोराला हसण्यासारखं काही नाही. कारण हा कागद माणसाने वाचायचाच नसतो. मोठ्या कंपन्यांत तो आधी सॉफ्टवेअर चाळतं, जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का ते बघतं. दोन रकान्यांची नक्षी, फोटो, रंगीत पट्ट्या पाहून ते अनेकदा गांगरतं. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घेतलेलं डिझाइनच आडवं येतं. काही हुशार लोक पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच अक्षरांत नको तेवढे शब्द पेरतात. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. येत्या मारबतीच्या मिरवणुकीत या सॉफ्टवेअरचा एक बडग्या, म्हणजे पुतळा, निघायला हरकत नाही. त्यातून कागद पुढे सरकलाच, तर माणसाची पहिली नजर त्यावर सरासरी ७.४ सेकंद टिकते, असं अमेरिकेतल्या लॅडर्स या नोकऱ्यांच्या कंपनीने २०१८ साली डोळ्यांची हालचाल मोजून सांगितलं. रिंग रोडचा सिग्नल याहून जास्त वेळ आपल्याकडे बघतो.

लोक म्हणतात, ही सगळी आजकालची थेरं. तसं नाही. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र केलं होतं. पूल बांधतो, तोफा करतो, झाकलेले रणगाडे करतो, अशी मुद्देसूद यादी. चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता. दरबाराला लढाया करायच्या होत्या, मग चित्रं वर कशाला? गंमत अशी की, या पत्राचा जो मसुदा टिकून आहे तो लिओनार्दोच्या हातचा नाही, असं अभ्यासक मानतात. तो डावखुरा, उजवीकडून डावीकडे आरशातली अक्षरं काढणारा. एवढ्या सरळ अक्षरात लिहिणारा कुणीतरी दुसराच असणार. आता त्याने किती घेतले, ते इतिहासात नाही.

तेव्हा पैसे द्यावेत का? माझं विचाराल तर, जो तासभर प्रश्न विचारतो त्याला द्यावेत. उधारी किती होती, किती वसूल केलीस, कशी केलीस, हिशेब कशात ठेवतोस, असं खोदून विचारणारा दहा ओळीही लिहील, तर त्या पोराच्या स्वतःच्या असतील. पण असा माणूस सापडणं कठीण, आणि सापडला तरी त्याला पाटी लावायला वेळ नसतो. बाकीच्यांकडे विशेषणांचं पोतं असतं आणि ते किलोवर विकतात. १९९७ पासून चालणारी नौकरी डॉट कॉम नोकऱ्याही दाखवते आणि रेझ्युमेही लिहून देते, अर्थात पैसे घेऊन. दळणही तिथंच, भाकरीही तिथंच. आपण फक्त भूक घेऊन जायचं.

ज्यांना हे सोंग झेपत नाही, त्यांना पोलीस भरती आहे. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. इंजिनिअर होते, एमबीए होते. पण मैदानावर १६०० मीटर पळताना ‘डायनॅमिक’ असून भागत नाही. तिथं दम लागतो, आणि तो लिहून देणारा अजून कुणी दुकान थाटून बसलेला नाही.

आमच्या गल्लीतल्या पोराने तो दोन पानी रेझ्युमे लॅमिनेशन करून घरी आणला. बाबांनी काउंटरवर चष्मा लावून सगळा वाचला. नाव वरच्या ओळीत ठळक इंग्रजीत होतं, त्याच्यावर त्यांची नजर गेलीच नसावी. बराच वेळ विचार करून म्हणाले, “पोरगा कामाचा दिसते बाप्पा. पगार किती मागते ते विचारजो. जमलं तर ठेवून घेऊ दुकानात. तू तसाही काही करत नाही.”