दाबलाय हो, दाबलाय!

ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या बाईकडे आपल्याकडे जरा सहानुभूतीनंच बघतात. 'क्लच जमत नसेल' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. 'तुम्हाला ही बरी' असं म्हणतात. मी कॉलेजात असल्यापासून क्लचवाल्या गाड्या हाकल्यात, त्याही सिंहगड रोडवर, ऑफिसं सुटायच्या वेळेला. खोटं वाटत असेल तर माझ्या डाव्या गुडघ्याला विचारा. ऑटोमॅटिक आली ती त्याच्याच शिफारशीवरून.

तशा आता दोन पेडलच्या गाड्या गल्लोगल्ली झाल्यात. 2014 साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी हा स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि पेन्शनरांच्या गुडघ्यांनासुद्धा चांगले दिवस आले. त्या प्रकारात बहुधा 'पी', म्हणजे पार्क, नसतोच. गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा आणि वर जाऊन जेवायचं. आमची सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारची. तिला पी, आर, एन, डी अशी सगळी बाराखडी आहे आणि वर एक अट आहे: ब्रेक दाबल्याशिवाय 'पी' सुटणार नाही.

आता प्रसंग सांगते. मे महिना, सकाळ, आमच्या सोसायटीचं गेट. सासूबाईंना घ्यायला मी गाडी गेटातच थांबवली होती, पी मध्ये. त्या पिशवी घेऊन सावकाश आल्या, बसल्या, पदर दारात अडकला नाही ना ते बघितलं आणि 'चल' म्हणाल्या. मी ब्रेक दाबला, गिअरचा दांडा ओढला. दांडा हलेना. परत दाबला, परत ओढला. ढिम्म. एवढ्यात समोर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला.

पुण्यात मे महिन्यात टँकरच्या वाटेत गाडी आडवी घालणं म्हणजे काय, हे ज्यानं बादलीनं आंघोळ केलीय त्यालाच कळेल. टँकरवाल्यानं हॉर्न दिला आणि चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं आली. त्यांतली निम्मी खाली उतरली.

पहिले सेक्रेटरी. "वहिनी, ब्रेक दाबलाय ना?"

"दाबलाय."

"नीट?"

मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. कर्जाचा अर्ज परत करताना काढत असतील त्याच आवाजात म्हणाले, "मॅडम, तो पूर्ण खालपर्यंत दाबावा लागतो." सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, जरा जोर लाव, सकाळी खाल्लं नाहीस का?" नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, तरी कुजबुजत का होईना, सल्ला द्यायची संधी त्यानं सोडली नाही: "ब्रेक दाबून बघ."

शेवटी पहिल्या मजल्यावरचा जिमला जाणारा मुलगा आला. "काकू, मी बघू?" मी उतरले, तो बसला. त्यानं ब्रेक दाबला, दंड फुगवून दांडा ओढला, आणि काच खाली करून जाहीर केलं, "जाम आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. अरेरे, जाम आहे का! मी सकाळपासून मांडत असलेला ठराव त्यानं दोन शब्दांत मांडला आणि एकमतानं मंजूर झाला.

मंजूर झाल्यावर पुढची पायरी ठरलेली असते. कुणीतरी ओरडलं, "धक्का मारा रे!"

मराठी माणूस धंद्यात मागे असेल, पण धक्क्यात नाही. सहाजण लागले. गाडी बोटभर पुढे गेली आणि तेवढीच मागे आली. पुन्हा 'हैसा' झालं, पुन्हा तेच. सासूबाई आत बसून डुलत होत्या. गाडी जाणार कुठे? पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक दातेरी चाक असतं आणि त्याच्या दोन दातांच्या मधे एक लोखंडी खटका जाऊन बसतो. तो बसला की पुढची चाकं बांधली गेली. सहा काय, साठ माणसं आणा. खटका तुटल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि तो तुटला तर धक्का मारणाऱ्यांपैकी बिल भरायला कुणी थांबणार नाही. उतारावर गाडी नुसती पी मध्ये टाकून सोडली की तिचं सगळं वजन या खटक्यावरच येतं आणि मग दांडा काढताना 'खाड्' असा आवाज येतो, कधीकधी निघतच नाही. म्हणून आधी हँडब्रेक, मग पी. पण आमचं गेट सपाट होतं आणि हँडब्रेक मी ओढलेला होता. हे मी सांगितलंही. "बरं बरं," मॅनेजर म्हणाले.

या सगळ्या मंडळींचं मला नवल नाही. पण खुद्द गाडीचाही माझ्यावर विश्वास नाही, हे मला नंतर कळलं, आणि त्याला इतिहास आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या गाडीविषयी तक्रारी यायला लागल्या की पी मधून काढली की ती आपोआप उधळते. गाड्या गॅरेजच्या भिंतींवर गेल्या, माणसं दगावली. चालक कळवळून सांगत होते, "आम्ही ब्रेक दाबला होता!" नोव्हेंबर 1986 मध्ये सीबीएस वाहिनीच्या '60 मिनिट्स' कार्यक्रमानं हे प्रकरण घरोघर पोचवलं आणि ऑडीचा तिथला खप कोसळला. 1989 मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला. निष्कर्ष असा, की पाय बहुतेक करून ब्रेकवर नव्हताच, ॲक्सिलरेटरवर होता. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांना अगदी मनापासून तसं वाटत होतं.

अहवालाची वाट न बघता ऑडीनं 1987 मध्येच आपल्या गाड्यांना एक कुलूप बसवायला घेतलं होतं: पाय ब्रेकवर असेल तरच दांडा पी सोडेल. पुढे हळूहळू बाकीच्यांनीही ते बसवलं. अमेरिकेत 1 सप्टेंबर 2010 पासून बनणाऱ्या ऑटोमॅटिक मोटारींना तर ते कायद्यानं सक्तीचं झालं, ते पोरांच्या काळजीनं. एकटं पोर गाडीत खेळता खेळता दांडा ओढतं आणि गाडी घरंगळते, ते होऊ नये म्हणून. कुलूप चांगलंच आहे, माझी तक्रार नाही. पण म्हणजे बघा, सातासमुद्रापार कुणीतरी 'ब्रेक दाबला होता' म्हणालं, ते चुकीचं निघालं, आणि तेव्हापासून त्या वाक्याची बाजारातली पतच गेली. आता पुराव्याशिवाय चालत नाही.

पुरावा देणार कोण? गाडीला काही आपला पाय दिसत नाही. पेडलच्या दांडीला टेकून अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याचं मूळ काम मागचे लाल दिवे लावायचं. त्याच्याच साक्षीवर हे कुलूपही उघडतं. पाय ब्रेकवर आला की स्विच वर्दी देतो, दांड्याखालची विजेवर चालणारी खिट्टी 'टक्' करून सरकते आणि दांडा मोकळा होतो. स्विच गप्प बसला तर तुम्ही ब्रेकवर उभे राहून भांगडा करा, गाडीच्या लेखी तुम्ही पाय पोटाशी घेऊन बसलेले आहात. बटण दाबून चालू होणाऱ्या नव्या गाड्या तर अशा वेळी चालूसुद्धा होत नाहीत.

हे आम्हाला तिथे कुणी सांगितलं? सेक्रेटरींनी नाही, मॅनेजरांनी नाही. सल्लागार सगळे पुढच्या खिडकीशी होते. गाडीच्या मागे एकटे वॉचमनमामा उभे होते, कारण पुढे त्यांना जागाच मिळाली नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दाबताय खरं, पर मागं लाल लाईटच लागंना."

दाबताय खरं! त्या सकाळी हे वाक्य मला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. त्यांचा पगार माझ्या हातात असता तर मी तिथल्या तिथे वाढवला असता.

मग मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं, वर इन्शुरन्स, पीयूसी आणि कुठल्याशा हळदीकुंकवाची पुडी. त्यात या दुखण्यासाठी चक्क एक पान होतं. दांड्याच्या शेजारी, 'पी' अक्षराच्या बाजूला, नखाएवढं चौकोनी झाकण असतं. माझा हात रोज त्याच्यावर टेकायचा आणि मला ती नक्षी वाटायची. पुस्तक सांगत होतं: हँडब्रेक ओढलेला हवा, इग्निशन ऑन, पाय ब्रेकवर, झाकण काढा, खाचेत किल्ली घालून खाली दाबा आणि तशीच धरून दांडा एन वर आणा.

पण गाडीची किल्ली इग्निशनमध्ये. दुसरी किल्ली फक्त सासूबाईंच्या पर्समध्ये, कपाटाची. त्यांनी ती माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. "वाकडी करू नकोस हं, पाटल्या त्यातच आहेत," त्या म्हणाल्या. पाटल्या कुठे असतात हे आता चारही मजल्यांना समजलं.

झाकण उचकटलं. आत कुठल्या तरी सहलीतली एक शेव होती. ती फुंकून काढली, किल्ली घातली, दाबली. आत काहीतरी स्प्रिंगवर दबल्यासारखं लागलं; दुसऱ्या हातानं दांड्याचं बटण दाबून ओढला आणि दांडा लोण्यातून यावा तसा एन वर आला. मी हँडब्रेक सोडला, सहाजणांनी हात लावला आणि गाडी निमूट बाजूला गेली. टँकर आत आला. टाळ्या पडल्या. जिमच्या मुलाला शाबासकी मिळाली.

या युक्तीनं डी मध्येही जाता येतं, गाडी चालवताही येते. पण मागचे ब्रेकलाइट बंद ठेवून पुण्याच्या रस्त्यावर जायचं म्हणजे मागच्या टेम्पोवाल्याच्या अंतर्ज्ञानावर विसंबायचं. मी इलेक्ट्रिशियनला घरी बोलावलं.

तो आला तो थेट आडवाच झाला. डोकं पेडलखाली, पाय पार्किंगमध्ये. आधी त्यानं फ्यूज बघितला, कारण कधीकधी दहा-वीस रुपयांचा फ्यूज उडालेला असतो आणि माणसं गिअरबॉक्स उतरवून बसतात. फ्यूज शाबूत. मग त्यानं स्विच काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळं प्लास्टिक, टोकाला पांढरी दांडी. पाय ब्रेकवर नसताना पेडल तिला दाबून ठेवतं. आपण ब्रेक दाबला की ती मोकळी होऊन बाहेर येते आणि दिवा लागतो. आतले पॉइंट जळून काळे पडले होते. "वयच झालं होतं त्याचं," तो म्हणाला. "लाईट लागून पण दांडा अडकला असता, टक् आवाज आला नसता, तर ती खिट्टी बघायला लागली असती. लोक दांड्यावर चहा सांडतात, कोल्ड्रिंक सांडतात, साखर चिकटते. मग सगळा कन्सोल उचकटायचा. तुमचं थोडक्यात भागलं."

नवा स्विच बसला. त्यानं गाडीमागे जाऊन विचारलं, "दाबलाय?"

"दाबलाय."

"लागला!" तो ओरडला. मी दांडा ओढला. टक्, आणि डी.

मग त्यानं खिशातून बिलबुक काढलं. एक रकाना कामाचा, एक गिऱ्हाइकाच्या तक्रारीचा. कामाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'ब्रेक स्विच बदलला'. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'ब्रेक दाबला होता, असे मॅडमचे म्हणणे आहे'. आणि खाली सहीसाठी फुली मारून पेन माझ्यापुढे धरलं.